ब्रास : निरंक

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, आमची गाडी दारासमोरून उचलून नेली. टोइंग व्हॅन वगैरे नागपूर-अमरावतीचे लाड. आमच्या तालुक्याच्या गावात ट्रान्सफॉर्मर चढवायला जी हायड्रा क्रेन येते, तीच गाडी उचलायलाही येते.

शेजारच्या काकूंनी सगळं अंगणातून पाहिलं होतं. "मले वाटलं बिघडली असन. मी तं त्या पोट्ट्याले म्हटलं, बाबू, हळू उचल, मास्तर गाडीले लय जपते." म्हणजे गाडी गेली तीसुद्धा काकूंच्या देखरेखीखाली.

कारण पोळ्याचंच. पूर्वी ज्या आखरावर, म्हणजे गावच्या गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, बैलांसाठी तोरण लागायचं, तिथं आता प्लॉट पडलेत. मग तोरण सरकत सरकत आमच्या ले-आऊटच्या ओपन स्पेसमध्ये आलं. ले-आऊट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. एरवी तिथं आमच्या गाड्या, कुणाचं तुरीचं कुटार आणि एक कायमचा बंद पडलेला थ्रेशर असतो. थ्रेशरला कुणी हात लावला नाही. त्याला हायड्रासुद्धा घाबरते.

ठाण्यातल्या जमादारांना मी मोबाईलवर कायदा दाखवला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७ : सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असेल, किंवा मनाई असलेल्या जागी असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी गाडी हलवायला सांगू शकतो. "माझी बेवारस कशी? मी समोरच राहतो." जमादारांनी शांतपणे वाचलं आणि पुढच्या पोटकलमावर बोट ठेवलं : उचलण्याचा खर्च मालकाचा. "हे बी तुमच्याच मोबाईलमंदी हाय, सर." वर पाचशेचं चलान. गाडी मात्र ठाण्यात नव्हती. ठाण्यात जागा नाही म्हणून ती तहसीलच्या आवारात लावली होती.

तहसीलचं आवार ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. रेतीचे पकडलेले टिप्पर आणि ट्रॅक्टर तिथं वर्षानुवर्षं उभे असतात. एका टिप्परच्या डाल्यात तरोटा कमरेएवढा वाढलेला, दुसऱ्याच्या बोनेटवर शेळी. त्या दोघांच्या मधात माझी पांढरी चारचाकी अंग चोरून उभी.

बाबूंनी रजिस्टर काढलं. पकडलेल्या वाहनांचं त्यांच्याकडे एकच रजिस्टर, आणि ते गौण खनिजाचं, म्हणजे रेती-मुरमाचं.

"खनिज कोणतं?"

"खनिज नाही जी. पार्किंगचं आहे."

"असा रकाना नाही. परिमाण सांगा. किती ब्रास?"

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. माझ्या डिक्कीत एक स्टेपनी आणि बैलासाठी घेतलेला रंगाचा डबा होता. (बैल मेहुण्याचा.) मी म्हटलं, निरंक लिहा. त्यांनी लिहिलं, मग पेन टेबलावर ठेवून विचारात पडले. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. निरंकची पाचपट निरंक. "दंड निरंक अन् गाडी जप्त, असं कसं? ऑडिटवाला मले विचारन, दंड नाही तं पकडली काऊन?" हाच प्रश्न मी सकाळपासून विचारत होतो, पण ऑडिटच्या तोंडून तो जास्त वजनदार वाटला.

मी आरसी मोबाईलवर दाखवली. २०१८ पासून डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात, हेही सांगितलं. बाबू म्हणाले, "चालते ना. पण फाइलले मोबाईल टाचता येते का?" झेरॉक्स काढून येईपर्यंत साहेब खांदशेकणीला घरी गेले होते. शेताच्या मालकानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची असते. साहेबांचं शेत शेजारच्या तालुक्यात आहे. मग पोळा, मग तान्हा पोळा, मग शनिवार-रविवार.

एवढ्या दिवसांत तहसीलवर आलेल्या प्रत्येकानं ती गाडी पाहिली. टिप्परांच्या रांगेत उभी असलेली मास्तरची गाडी! संगतीवरून माणसं ठरवतात तशी गाडीही ठरवली गेली. पानठेल्यावर ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही, ते उठून जागा देऊ लागले. "मास्तर, तुमी बी रेतीत उतरले का?" यात निंदा नव्हती, आपुलकी होती. चौतीस वर्षं गणित शिकवून जी पत मिळाली नाही, ती गाडी जप्त होऊन मिळत होती.

पोळ्यात तर तोरणाखाली म्हणतात त्या गाण्यांत, झडत्यांत, माझ्यावर एक झडतीच पडली :

"तोरण लागलं आखरावर, गाडी होती मधात,
मास्तरची चारचाकी गेली रेतीच्या पथकात!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!"

सगळा गाव हसला. बायकोही हसली, तिचा आवाज मला गर्दीत ओळखू येतो.

सोमवारी बाबूंनी तोडगा काढला. खनिजाच्या रकान्यात 'इतर' लिहिलं आणि शेऱ्यात 'वाहन रिकामे आढळले'. ठाण्याचं पत्र, चलानाची पावती आणि हायड्राचे पैसे जमा झाले. शेळीला टिप्परवरून खाली उतरवून, माझ्या टपावर चढू न देता, गाडी बाहेर काढली.

रात्री दहाला फोन आला. नव्या ले-आऊटमध्ये घर बांधणारा कुणीतरी होता.

"सर, सुटली म्हणते तुमची गाडी. दोन ब्रास पायजे होती. रातच्याले टाकून द्यान काय?"

मी त्याला समजावलं, की माझी पाच सीटची साधी गाडी आहे.

"हाव ना जी, मालूम हाय," तो म्हणाला. "मंग थोडी-थोडी आणान. कोनाले शक बी नाही येनार."