चहा टाक

काल रविवार, दुपारी चारचा प्रयोग. नाट्यगृह उपनगरातलं. नाव सांगणार नाही, कारण डिसेंबरच्या तारखा अजून हातात पडायच्या आहेत.

आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात माझा मुलगा मरतो. मी निवृत्त मास्तर. फोन वाजतो, मी ऐकतो, बायको विचारते "कोणाचा हो?" आणि मी म्हणतो, "आपला विनू गेला." मग पॉज. अकरा सेकंद. मग, "चहा टाक."

या अकरा सेकंदांसाठी मी जगतो. शनिवारच्या जाहिरातीत माझं नाव सगळ्यांत शेवटी, 'आणि'नंतर येतं. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती मिळते ते इथे लिहीत नाही, मेव्हणा वाचतो. मालिकेत काम केलं नाही असं नाही. एका मालिकेत मी दोन वर्षं भिंतीवरचा हार घातलेला फोटो होतो. त्याचे पैसे वेळेवर यायचे आणि भाजीवाली मला अजून त्याच फोटोवरून ओळखते. पण भरलेलं थिएटर अकरा सेकंद श्वास धरून बसलंय आणि ते आपल्यामुळे, हे फोटोला कळत नाही.

तर काल पॉज सुरू झाला. तिसरं सेकंद असेल. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "काय म्हणाला?"

"विनू गेला म्हणाला," काकू कुजबुजल्या. कुजबुज म्हणजे चाळीत तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्याला 'पाणी आलं' सांगतात, ती.

"कुठे?"

"गेला हो. वारला."

"कोण, मास्तर?"

"मास्तर हा काय समोर उभा. मुलगा वारला, मुलगा."

"अरेरे! कशाने?"

काकू जरा थांबल्या. "ते नाही सांगितलं अजून."

बाल्कनीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मी रिसीव्हर हातात धरून, चेहऱ्यावर पुत्रशोक घेऊन उभा. माझी रंगमंचावरची बायको प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असते. तिचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं, काय रडतेय बाई!

आम्हा नाटकवाल्यांना लहानपणापासून बालगंधर्वांची गोष्ट पाजलेली असते. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी पोटची मुलगी गेलेली, आणि तरीही ते नाटकाची नायिका भामिनी होऊन उभे राहिले. नाटकात काम करणाऱ्या कोणालाही ताप आला, दाढ दुखली, की ही गोष्ट निर्माता सांगतो. मलाही सांगून झालीय, कावीळ झाली तेव्हा. पण बालगंधर्वांना "कशाने?" असं तिसऱ्या रांगेतून कोणी विचारलं होतं का? त्यांना वन्समोअर मिळायचे. मध्येच नाटक थांबवून लोक तेच पद पुन्हा म्हणायला लावायचे. म्हणजे प्रेक्षक तेव्हाही गप्प बसत नसत, एवढं मान्य. पण मागायचे ते गाणं. पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मागत नव्हते.

आणि खरी गोची पुढेच आहे. विनू कशाने जातो हे आमच्या संहितेतच नाही. ६३ प्रयोग झाले, मला बापाला कधी हा प्रश्न पडला नव्हता. काल पडला. अपघात? हार्ट? तो तर पुण्याला होता ना? हे सगळं मनात चाललेलं असताना लक्षात आलं की पुढचं वाक्य गेलं. अख्खं वाक्य दोन शब्दांचं. ब्लँक.

विंगेत बघितलं. पूर्वी तिथे प्रॉम्प्टर असायचा, आता परवडत नाही. काल तिथे बॅकस्टेजचा पोरगा मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. वीस सेकंदं झाली असतील. आणि तिसऱ्या रांगेतून काकू म्हणाल्या, "आता बघा हं, चहा मागेल."

"चहा टाक," मी म्हणालो.

टाळी पडली. या वाक्याला ६३ प्रयोगांत कधी टाळी पडली नव्हती.

प्रयोगानंतर मेकअप रूमच्या नळाला पाणी नव्हतं. खोबरेल आणि कालचा पेपर घेऊन मी रंग पुसत होतो. थिएटरचं भाडं वाढतं, एसी कीर्तनातल्या झांजेसारखा वाजतो, समोर खाली ठेवलेल्या माइकमधून आमचे शब्द जात नाहीत, चपला मात्र स्पष्ट ऐकू जातात. आणि मराठी नाटकाला प्रेक्षक का येत नाहीत यावर परिसंवाद होतात. एवढ्यात ते दोघे दारात. काका इस्त्रीच्या सफारीत. काकूंच्या हातात कागदात बांधलेले मध्यंतरातले दोन वडे, घरी न्यायला.

"छान झालं," काका म्हणाले. "आवाज मात्र पोचत नाही तुमचा."

"मशीन घरी ठेवून येतात," काकू म्हणाल्या. "खरखरतं म्हणे. मग मला सगळं सांगावं लागतं. तिसऱ्यांदा बघतोय हो आम्ही हे नाटक."

मी विरघळलो. स्वतःच्या पैशाने, तिकीट काढून, तीन वेळा! खुर्ची पुढे केली. पण काकू बसल्या नाहीत. अख्खी टीम उभी असताना, आईने मुलाच्या नाकाचा शेंबूड पुसावा तशा मायेने म्हणाल्या, "आज अडकलात ना? मला कळलं. म्हणून तर जरा मोठ्यांदा म्हटलं."

माझ्या रंगमंचावरच्या बायकोने तोंडात पदर कोंबला.

निघता निघता काका दारातून परत फिरले. "ते राहिलंच. मुलगा गेला कशाने?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिग्दर्शकसुद्धा.

"हार्ट," मी ओरडून म्हणालो.

"अरेरे. एवढ्या लहान वयात?" काकांनी काकूंकडे बघून मान हलवली. "चहा फार आहे त्यांच्या घरात."