पहिलीचे पहिले आठवडे: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

पहिलीच्या वर्गाची घडी बसवण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. प्राथमिक शाळेत उभी हयात घालवलेल्या मुख्याध्यापकांनी एवढा वेळ काढून लिहावे याबद्दल आभार मानते आणि लगेच मुद्द्यावर येते, कारण आपणही प्रस्तावनेत वेळ दवडलेला नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे: नावे ओळखणे, रांग लावणे, गोलात बसणे आणि गाणी यांत पहिले तीन-चार आठवडे घालवणे ही ऊसतोड मजुरांच्या मुलांची फसवणूक आहे, कारण दिवाळीनंतर ती वर्गात नसतातच, तालुक्याच्या इंग्रजी शाळेतले मूल तोवर वाचायला लागलेले असते, पूर्वी थोड्या धाकाने आठ दिवसांत वर्ग शिस्तीत येत असे, आणि ‘वर्गाचा समूह व्हावा’ ही भाषा परदेशी पुस्तकांतली आहे, आपल्या खेड्यांना ती लागू पडत नाही. शेवटी आपण विचारले आहे की जे मूल ऑगस्टमध्ये दाखल होते, त्याने या सगळ्यात जायचे कुठे. हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. त्याचे उत्तर अखेरीस देते.

आधी माझ्या वर्गाची रचना सांगणे भाग आहे, कारण मूळ लेखात ती मी ओझरतीच सांगितली होती आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. माझी शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथीपर्यंतची, द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्यातील निकषाप्रमाणे ६० पटापर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत माझ्याकडे असतात. मी दुसरीला हातच्याची बेरीज शिकवत असते, तेव्हा पहिलीची मुले माझ्याविना असतात, आणि दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ असाच जातो. त्या निम्म्या वेळात सहा वर्षांचे मूल काय करते, यावर त्याचे त्या वर्षीचे वाचन अवलंबून राहते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आपण सुचवता तसे दुसऱ्याच दिवशी पाटीवर ‘ग’ काढून दिला आणि मी दुसरीकडे वळले, तर काय होते हे आपण माझ्याइतकेच, किंबहुना अधिक, पाहिलेले असणार. एक जण पाटी पुसून द्या म्हणत ओढणी धरतो. दुसऱ्याची पेन्सिल तिसऱ्याने घेतलेली असते. एकीला लघवीला जायचे असते, पण विचारायचे कसे हे ठाऊक नसल्याने ती नुसती उभी राहते आणि मग उशीर होतो. व्हरांड्यात बसलेली आजी उठून गेली हे कुणाच्या तरी लक्षात येते आणि त्याचे पाहून आणखी दोघे रडू लागतात. मी परत पहिलीकडे वळते, दुसरीची बेरीज अर्धवट राहते आणि दोन्ही वर्गांचा तास वाया जातो. असा तास एखाददुसरा नसतो. घडी बसलेली नसेल तर दिवाळीपर्यंत रोज असेच चालते. ज्या मुलांच्या हातात जेमतेम चार-साडेचार महिने आहेत, त्यांचेच नुकसान यात सर्वांत जास्त होते.

म्हणून त्या आठवड्यांत मी नेमके काय शिकवते, त्याचा एक नमुना देते. माझ्या वर्गात फळीवर चिंचोक्यांचा एक डबा आहे. तो काढणे, मूठभर चिंचोके घेणे, जोडीदाराबरोबर पाच-पाचच्या राशी करणे, खाली सांडलेले वेचणे आणि झाकण लावून डबा पुन्हा फळीवर ठेवणे, एवढाच तो धडा. प्रथम मी स्वतः करून दाखवते आणि मुद्दाम चार चिंचोके सांडून ते वेचते. मग दुसरीची दोन मुले करून दाखवतात, आणि त्यांनी काय काय केले हे पहिलीची मुले सांगतात. मग पहिलीची एक जोडी करते आणि बाकीचे बघतात. अखेर सगळ्या जोड्या एकदम करतात, तेव्हा मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दुसरीच्या मुलांमध्ये, मुद्दाम पाठ करून बसते. पहिल्या खेपेला गोंधळ होतोच. चिंचोके नाकात घालू नयेत हेही सांगावे लागते, कारण घातल्याशिवाय एक वर्ष गेलेले नाही. पण काही दिवसांनी माझी पाठ वळलेली असताना ती खोली कामात राहते, आणि तिथून पुढे मला दुसरीसाठी आणि पहिलीसाठी असे खरोखरीचे दोन तास मिळतात. अडले तर आधी जोडीदाराला विचारायचे, मग दुसरीच्या ताईला किंवा दादाला आणि त्यानंतर बाईंना, ही उतरंड याच दिवसांत अंगवळणी पडते. याला आपण वेळकाढूपणा म्हणता, मी पुढच्या अध्यापनाची पूर्वतयारी म्हणते.

या आठवड्यांत अक्षरे नसतात, असा आपला समज माझ्या लेखामुळे झाला असावा, तो दूर करते. आमच्याकडे जूनमध्ये हजेरी घेणे हाच एक भाषेचा तास असतो. जनरल रजिस्टरमधले नाव आणि घरातले नाव यांची बऱ्याच मुलांच्या बाबतीत भेटच झालेली नसते. घरी जो ‘बाळ्या’ किंवा ‘दाद्या’ असतो, तो हजेरीत स्वतःचे नाव पुकारले गेले तरी इकडेतिकडे बघत राहतो आणि शेजारचा त्याला कोपराने ढोसतो. म्हणून प्रत्येकाच्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी करते. सकाळी आल्यावर आपली पट्टी ढिगातून शोधायची आणि भिंतीवरच्या कापडी कप्प्यात ठेवायची, म्हणजे हजेरी लागली. आधी मूल पट्टीच्या कोपऱ्यातल्या चित्रावरून ओळखते. आठवड्याने मी चित्र काढून टाकते. मग ‘सार्थक’ आणि ‘साक्षी’ यांच्या पट्ट्यांची अदलाबदल होते आणि दोघे भांडत माझ्याकडे येतात, तेव्हा दोन्ही नावांची सुरुवात सारखी दिसते आणि सारखी ऐकूही येते हे आम्ही फळ्यावर पाहतो. त्या दिवशी ‘सा’ शिकवला गेला, आणि तो वर्गातल्या दोन माणसांसकट शिकवला गेला. गैरहजर मुलांच्या पट्ट्या ढिगात उरतात, त्या वाचून कोण आले नाही हे मुलेच सांगतात. कुणी कुणाच्या वस्तीवरचे असेल तर का आले नाही हेही सांगतात. एकमेकांची दखल घेणे आणि वाचणे ही माझ्या वर्गात दोन वेगळ्या तासिकांची कामे नाहीत. अंगणवाडीतून अक्षरओळख घेऊन आलेल्या मुलांना मात्र थांबवून ठेवू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्यांच्या हातात गोष्टींची पुस्तके पहिल्या आठवड्यातच पडली पाहिजेत आणि पडतात.

कालावधीबद्दल आपल्याशी मी निम्मी सहमत आहे. एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संस्थेने २०२१ साली ‘विद्याप्रवेश’ हा कार्यक्रम आणला, त्यात पहिलीच्या सुरुवातीला खेळातून शाळेच्या तयारीसाठी तीन महिने धरलेले आहेत. ज्या शाळेत मुले जूनपासून एप्रिलपर्यंत एका जागी असतात, तिथे ते ठीक असेल. माझ्याकडे तीन महिने म्हणजे सप्टेंबरचा मध्य, आणि दसरा झाला की मुकादमाच्या ट्रक आणि ट्रॅक्टर येऊ लागतात. म्हणून मी त्यातला गाभा घेते, तीन-चार आठवड्यांत बसवते आणि जुलैच्या मध्यापासून वाचन-लेखनाचा वेग वाढवते. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट माझ्याही डोळ्यांसमोर आहे. घाई मलाही आहे. ती कुठे करावी याबद्दलच आपला मतभेद आहे.

इंग्रजी शाळेची तुलना मी सोडून देते. तिथे बालवर्गाची दोन वर्षे आधी झालेली असतात, हा फरक आपणही जाणता.

धाकाबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केलेली आहे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही, आणि आपणही छडीचे समर्थन केलेले नाही. ‘थोडा धाक’ एवढेच म्हटले आहे. माझा आक्षेप व्यवहाराचाही आहे. धाकाने मिळणारी शांतता शिक्षकाची नजर असेपर्यंत टिकते. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत ती नजर सतत दुसरीकडे जाते, कधी दुसऱ्या वर्गाकडे, कधी पोषण आहाराच्या तांदळाकडे, कधी भरायच्या ऑनलाइन माहितीकडे. आपल्या काळी प्रत्येक वर्गाला स्वतंत्र गुरुजी असतील, तर तिथे तो उपाय काही काळ चालला असणे शक्य आहे.

आता परदेशीपणाविषयी. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी गुजरातेत भावनगरला बालमंदिर काढले ते १९२० साली. त्यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडक महाराष्ट्रात परतल्या, १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी तेच काम पुढे नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्याच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवावी, हे त्यांनी करून दाखवले. केस विंचरणे, हातपाय धुणे, एकत्र बसून गाणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. या दोघांची प्रेरणा माँटेसरीबाईंची, म्हणजे मुळात इटलीतली, हे खरेच आहे. तरीही कोसबाडच्या अंगणात पोहोचेपर्यंत त्या विचाराचे आपल्या मातीत रूपांतर झाले होते. तेव्हा एखादी रीत कुठून आली यापेक्षा ती इथल्या मुलांच्या कामाची आहे का, एवढेच तपासावे.

आणि ती इथल्या मुलांच्या कामाची का आहे, हे सांगताना मला आपल्या एका वाक्याचा प्रतिवाद करावा लागतो. आपण लिहिले आहे की खेड्यातली मुले एकमेकांना ओळखतातच, त्यांचा समूह वेगळा बनवायचा कशाला. सर, ती एकमेकांना ओळखतात, हीच पहिल्या दिवशीची अडचण असते. माझ्याकडे गावठाणातली, तांड्यावरची आणि दोन वस्त्यांवरची मुले येतात. कुणी कुणाच्या घरी पाणी प्यायचे आणि कुणाच्या नाही, हे सहा वर्षांच्या मुलाने घरात ऐकलेले असते. मोकळे सोडले तर ती वस्तीवस्तीने बसतात, खिचडीच्या रांगेतही तशीच उभी राहतात. तांड्यावरची मुले घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. मराठी त्यांना समजते, पण रडू आले की ‘याडी’च (आई) तोंडात येते आणि बाकीची मुले हसतात. अशा वर्गाला मी ‘कुटुंब’ म्हणत नाही, आणि मूळ लेखातही तसे म्हटलेले नाही. कुटुंबात आपापलीच माणसे असतात. वर्गात आपली नसलेली माणसे असतात आणि त्यांच्याबरोबर एक डबा, एक चटई आणि एक शिक्षिका वाटून घ्यायची असते.

यावर मी भाषण देत नाही. सहा वर्षांच्या मुलाला समतेवर भाषण देऊन काही होत नाही. मी जोड्या लावते आणि दर आठवड्याला बदलते. वाढपी जोड्याही मीच ठरवते, आणि एका जोडीत एकाच वस्तीची दोन मुले येणार नाहीत एवढे पाहते. ताटे मांडणे, पाण्याचा जग फिरवणे, शेवटी सांडलेली शिते उचलणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता आळीपाळीने येतात. एका पालकाने यावर नाराजी दाखवली, तेव्हा मी शांतपणे सांगितले की शाळेत वाटप असेच होते. तांड्यावरच्या मुलांकडून आम्ही एक गाणे शिकतो आणि सगळा वर्ग ते म्हणतो. ज्याला काल हसले गेले, तो आज उच्चार दुरुस्त करत असतो. भिंतीवर पहिल्याच दिवशी रंगीत कार्डशीटवर ‘आमचे वर्गनियम’ चिकटवण्याची जी पद्धत सध्या तपासणीसाठी रूढ झाली आहे, तिचा मात्र मला कंटाळा आहे. वाचता न येणाऱ्या मुलांसमोर ते लावण्याचे प्रयोजन मला आजवर कळलेले नाही.

आता ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलाविषयी. असे मूल दरवर्षी येते: कधी आईवडील उशिरा परततात, कधी दाखल्याचे अडते, कधी बहिणीला सांभाळायला कुणी नसते म्हणून आठवडे जातात. त्याच्यासाठी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही, करूही शकत नाही. त्याच्या नावाची पट्टी आणि कप्पा पहिल्या दिवशी तयार असतो आणि तो दाखवण्याचे काम वर्गातले मूल करते. चपला कुठे, पाटी कुठे, डबा कसा उघडायचा, लघवीला जाताना कुणाला सांगायचे, हे सगळे त्याला जोडीदाराकडून कळते, आणि ते माझ्यापेक्षा लवकर शिकवले जाते. ज्यांना स्वतःला महिन्याभरापूर्वी हे ठाऊक नव्हते, त्यांच्या अंगात शिक्षकपणा चांगलाच संचारतो. क्वचित आवरावाही लागतो. अक्षरांत ते मूल मागे असते, त्याच्यासाठी मला मधल्या सुट्टीनंतर वेगळा वेळ काढावा लागतो, आणि तो वेळ निघतो तो बाकीची मुले माझ्याविना कामात राहतात म्हणूनच.

दिवाळीनंतर जाणाऱ्या मुलांचेही काहीसे असेच आहे. जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो, काही मुले हंगामी वसतिगृहाच्या सोयीने आजीआजोबांकडे राहतात. माझ्या पाहण्यात, ज्या मुलाची वर्गात कुणाशी तरी गट्टी जमलेली असते, ते आईवडिलांबरोबर जाण्यापेक्षा मागे राहायला अधिक सहज तयार होते. सगळी राहतात असे नाही, आणि आईला सोडून राहणे हे सहा वर्षांच्या मुलासाठी चांगलेच आहे असेही मी म्हणणार नाही. जी जातात, त्यांच्या पट्ट्या मी काढत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मूल परतते तेव्हा वाचनात ते खूप मागे पडलेले असते आणि उरलेल्या थोड्या दिवसांत ती भर निघत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, आणि तो पहिलीच्या एका शिक्षिकेकडून निघण्यासारखाही नाही. आपल्या कारकिर्दीत अशा परतलेल्या मुलांसाठी आपण काही केले असेल, तर ते कृपया सविस्तर लिहावे. मला त्याचा उपयोग याच वर्षी होईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका