‘शेवटी सगळे स्वतःसाठीच करतात’ म्हणणाऱ्यांसाठी

कोणी काही चांगलं केलं की त्यात खोट शोधणारा एक तरी माणूस प्रत्येक वाडीत असतो. आमच्याकडे जरा जास्तच आहेत. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे दिले? फरशीवर नाव कोरून घ्यायला. रक्तदान केलं? प्रमाणपत्राचा फोटो टाकायला. शेजारच्या म्हातारीला रिक्षा करून दवाखान्यात नेलं? तिच्या आंब्याच्या कलमांवर डोळा असणार. आता या मंडळींना विज्ञानाचाही आधार सापडलाय. ‘अरे, उत्क्रांतीनंच सिद्ध केलंय. सगळा जनुकांचा खेळ. निःस्वार्थ असं काही नसतंच.’ टपरीवर चहाचा घोट घेत हे असं काही सुनावतात की समोरचा गप्पच होतो. मला गप्प बसवत नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

पहिल्यांदा त्यांची बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. मुंग्या आणि मधमाश्यांनी खुद्द डार्विनला कोड्यात टाकलं होतं. कामकरी माशी स्वतः अंडी घालत बसत नाही, आयुष्यभर राणीच्या पोरांचं करते. माणसाला डसली तर तिची काटेरी नांगी आपल्या कातडीत अडकते आणि ती मरते. मग असा स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो कसा? विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं सारखी असतात, चुलत भावंडांत आठवा हिस्सा. नातं जितकं जवळचं, तितका त्याच्यासाठी सोसलेला तोटा जनुकांच्या हिशेबात भरून निघतो. जे. बी. एस. हाल्डेन हे दुसरे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ तर त्याआधीच गमतीनं म्हणायचे म्हणे, की दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी जीव द्यायला तयार आहे.

माझे चुलत भाऊ आठाहून बरेच जास्त आहेत. आमच्यात जीव देण्याचा विषय अजून निघालेला नाही, सातबाऱ्यावरची नावं कमी कशी करायची हा मात्र रोज निघतो. जवळचं रक्त म्हणजे आपोआप त्याग, असं मानणाऱ्यानं कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात एक दिवस बसून यावं. गणित चुकीचं नाही, पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही. आपल्या पडवीच्या वाशाला घरटं करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या एका भारतीय जातीवर बंगळुरूच्या राघवेंद्र गदगकरांनी कित्येक वर्षं काम केलं. त्या घरट्यातल्या माश्यांचं आपसातलं नातं पुस्तकी हिशेबापेक्षा बरंच सैल निघालं. तरीही त्या राबतात. नात्याइतकंच तिथं संधीलाही वजन आहे: एकटीनं नवं घरटं थाटणं धोक्याचं, आणि आज राबणारी उद्या राणी होऊ शकते.

आणि हाल्डेन? ते १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. देह त्यांनी काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता. त्यांच्या मृतदेहावर जी पोरं शिकली असतील, त्यांत त्यांचा चुलत भाऊ एकही नसणार.

बिनरक्ताच्या नात्यातल्या मदतीचं उत्तर रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दिलं: आज मी तुला, उद्या तू मला. कोस्टा रिकातल्या रक्त पिणाऱ्या वटवाघळांवरचा जेराल्ड विल्किन्सनचा १९८४ चा अभ्यास याच संदर्भात सांगतात. लागोपाठ दोन-तीन रात्री पोटात काही गेलं नाही तर हे वटवाघूळ मरतं. म्हणून पोट भरून आलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून पाजतं, आणि हे देणंघेणं नेहमीच्या सोबत्यांतच जास्त चालतं. आम्हाला हे कळायला वटवाघळांची गरज नव्हती. भर समुद्रात एखाद्याचं इंजिन बंद पडलं की जवळची होडी स्वतःची मासेमारी सोडून त्याला ओढत बंदराला आणते. डिझेल जातं, दिवस बुडतो. ‘कशाला करता?’ असं मी एकदा आमच्या वाडीतल्या जुन्या तांडेलकाकांना विचारलं होतं. ते वैतागून म्हणाले, ‘आज तेका सोडून इलंय, तर उद्या माका कोण हाडतलो?’

टपरीवरचे म्हणतील, बघा, सापडला स्वार्थ. पण हे काका रापणीच्या दिवशी काय करतात तेही बघा. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोलात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. ज्यानं दोराला हात लावला त्याला मासळीतला वाटा. आता ज्या म्हातारीच्या ओढण्यानं जाळं बोटभरही सरकणार नाही, तिच्याही पाटीत बांगडे पडतात. ती परतफेड काय करणार? पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती आहे की नाही याचीच खात्री नाही. ‘मान मिळतो ना काकांना’ हे उत्तर तयार असतंच.

मानाचंही शास्त्र आहे. आपल्याकडच्या सातभाईंचे भाऊबंद असलेल्या अरबी सातभाईंचा इस्रायलमध्ये अभ्यास करणाऱ्या अमोत्झ झहावींचं म्हणणं होतं की थव्यासाठी उंच फांदीवर पहारा करणारा पक्षी आपली पत वाढवत असतो. पहारा देण्यासाठी त्यांच्यात चढाओढ असते. टिम क्लटन-ब्रॉकच्या गटाला १९९९ मध्ये आफ्रिकेतल्या मीरकॅटांत (मुंगसाच्या कुळातला, कळपानं राहणारा प्राणी) दिसलं ते आणखी कोरडं: पोट भरलं की ते पहाऱ्याला चढतात, आणि धोका पहिल्यांदा त्यांनाच दिसत असल्यानं त्यांचं फारसं नुकसानही होत नाही. झहावींना गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा हायवेवरचे शुभेच्छांचे बॅनर दाखवायला हवे होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर मदतीचे टेम्पो निघाले. काहींवर ताडपत्रीपेक्षा बॅनर मोठा होता. तेव्हा मलाही राग आला होता. पण ज्या घरात छातीभर चिखल आहे, त्या घराला कोरडी चटई लागते, देणाऱ्याचं अंतःकरण नाही.

आता माझी हरकत. जनुकांचा हिशेब आणि प्राण्याच्या मनातला हेतू हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि टपरीवरचं विज्ञान दोन्ही एकत्र कालवतं. रात्री दोनला उठून तापलेल्या पोराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवणारी आई निम्म्या जनुकांचा विचार करत नसते. तिला पोराची काळजी असते. अशी काळजी उत्क्रांतीत का टिकली, याचं उत्तर हॅमिल्टनकडे आहे. म्हणून ती काळजी खोटी ठरत नाही. उलट, खरी असल्याशिवाय ती उपयोगी पडलीच नसती! हिशेब करून उठणारी आई पहाटेपर्यंत झोपूनच राहिली असती.

हेतू तपासता येतच नाही असंही नाही. १९८१ मध्ये डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत एक प्रयोग केला. एलेन नावाच्या बाईला विजेचे झटके बसताना विद्यार्थ्यांना दाखवले (झटके खोटे होते, त्यांना ते माहीत नव्हतं). मग विचारलं, उरलेले झटके तिच्याऐवजी तुम्ही घ्याल का? काहींना तिथून लगेच निघून जायची मोकळीक होती. दुसऱ्याचं दुःख बघून आपल्याला त्रास होतो, तो त्रास टाळायलाच आपण मदत करतो, हे खरं असतं तर मोकळीक मिळालेले सगळे निघून गेले असते. ज्यांना एलेनबद्दल फारसं काही वाटत नव्हतं, त्यांतले बरेच गेलेही. ज्यांना तिची कणव आली होती, त्यांतले बहुतेक थांबले. २०११ मध्ये शिकागोतल्या एका प्रयोगात उंदरांनी नळीत अडकलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवलं, आणि पलीकडे चॉकलेट ठेवलेलं असतानाही बऱ्याचदा त्याला वाटा ठेवला. यावर ‘त्यांना सोबत हवी होती म्हणून सोडवलं’ अशी शंका घेतली गेली. शंका रास्त आहे. पण तिच्यासाठीही वेगळा प्रयोग करता येतो. ‘आतून समाधान मिळतं ना, म्हणजे स्वार्थच’ याचा कुठला प्रयोग करणार? कशी वागणूक दिसली तर तुम्ही हार मानाल, असं या लोकांना विचारून बघा. उत्तर मिळत नाही. जे कधीच चुकू शकत नाही ते मला विज्ञान वाटत नाही, ती नुसती खोड आहे.

हेतू अगदी शुद्धच हवा, ही हाव माणसाला कुठं नेते याचं एक वाईट उदाहरण आहे. जॉर्ज प्राइस नावाचा अमेरिकन लंडनला येऊन राहिला होता. हॅमिल्टनचं काम वाचून अस्वस्थ झाला, त्यानं स्वतः नव्यानं समीकरण मांडलं आणि ते १९७० मध्ये प्रसिद्ध झालं. आजही ते शिकवतात. मग तो धर्माकडे वळला आणि रस्त्यावरच्या दारुड्या, बेघर लोकांना पैसे, कपडे, घर असं सगळं देत सुटला. जानेवारी १९७५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. तो आजारीही होता, तेव्हा एकच कारण चिकटवू नये. पण मला त्याची गोष्ट वाचताना वाटतं, की देणाऱ्याच्या हाती काहीच उरलं नाही तरच ते खरं देणं, ही अट त्याला कुणीतरी वेळेवर मोडून द्यायला हवी होती.

आपल्याकडे ती अट मोडून दाखवली मंडणगड तालुक्यातल्या वेळासनं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्लांकडे ती परत बघतही नाही. पूर्वी ती अंडी लोक उकरून न्यायचे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक आले, घरोघरी राहायची-जेवायची सोय झाली, चार पैसे मिळू लागले. ‘म्हणजे आता धंदाच’ असं म्हणणारे भेटतात. असू दे धंदा. कासव परतफेड करणार नाही, त्याच्याशी आपलं रक्ताचं नातं नाही, आणि पहिल्यांदा राखण सुरू झाली तेव्हा पर्यटकही नव्हते. चांगलं वागणाऱ्याचं घर उपाशी राहू नये अशी व्यवस्था लावणं मला संतांची वाट बघण्यापेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं.

जाळ्यात सापडलेलं कासव किंवा देवमासा जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. गेल्या हंगामात माझ्या एका चुलत भावाच्या जाळ्यात (हो, सातबाऱ्यावरचाच) चांगलं मोठं कासव आलं. जाळं त्या वर्षीच घेतलेलं, कर्जाऊ. त्यानं ते कापलं. कापताना भाच्याला मोबाइल धरायला लावला, अर्जही केला. त्या व्हिडिओत कासवाला आणि कासवाच्या सात पिढ्यांना घातलेल्या मालवणी शिव्या इतक्या स्वच्छ ऐकू येतात की तो अर्जाला जोडावा की नाही यावर घरात मोठी चर्चा झाली. शेवटी आवाज बंद करून जोडला.