गावातलं घर, बँकेचं कर्ज आणि 40 टक्क्यांचा गैरसमज

"रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक बँकेला 40 टक्के कर्ज गावात द्यावंच लागतं. त्यात घरासाठी कोटा असतो. 35 लाखांपर्यंत स्वस्तात कर्ज मिळतं, ग्रामपंचायतीचा उतारा पुरतो. मॅनेजर नाही म्हणाला तर थेट लोकपालाकडे जा." असा मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्यावर विसंबून लोक हातातल्या पैशांतून जोतं बांधून घेतात आणि पुढचं काम अडतं. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

40 टक्के हा आकडा खरा आहे, पण तो गावासाठी नाही. व्यापारी बँकांनी समायोजित निव्वळ कर्जाच्या (म्हणजे ठरावीक हिशेबाने मोजलेल्या आपल्या एकूण कर्जाच्या) 40 टक्के रक्कम 'अग्रक्रम क्षेत्रा'ला, म्हणजे शेती, छोटे उद्योग, शिक्षण, घर अशा ठरवून दिलेल्या गरजांना द्यायची असते. त्यात शेतीला 18, दुर्बल घटकांना 12 आणि सूक्ष्म उद्योगांना 7.5 टक्के अशी पोटउद्दिष्टं ठरलेली आहेत. घरासाठी असं काहीच नाही.

35 लाखांची गोष्ट अशी. 1 एप्रिल 2025 पासून, 10 लाखांहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी 35 लाखांपर्यंतचं गृहकर्ज अग्रक्रमात मोजतात. घराची किंमत मात्र 44 लाखांच्या आत हवी. ही बँकेच्या हिशेबातली मर्यादा आहे, अर्जदाराचा हक्क नव्हे. खरी मेख पुढेच आहे. कोल्हापूर शहराची लोकसंख्याही 10 लाखांच्या खालीच. म्हणजे शहरातला बिल्डरचा फ्लॅट आणि शाहूवाडी तालुक्यातल्या गावठाणातलं घर नियमाच्या लेखी सारखंच. फ्लॅटची कागदपत्रं तयार मिळतात, तेव्हा शाखा साहजिकच तिकडे वळते. उद्दिष्ट कमी पडलं तरी बँक दुसऱ्या बँकेकडून अग्रक्रम कर्जाची प्रमाणपत्रं विकत घेऊन तिचं कर्ज आपल्या उद्दिष्टात मोजू शकते, नाहीतर तुटीची रक्कम नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीसारख्या ठिकाणी भरते. त्या निधीतून राज्य सरकारांना रस्ते, पूल, सिंचनासाठी कर्ज मिळतं, घरमालकाला नाही. गावातल्या घरासाठी वेगळं पोटउद्दिष्ट हवंच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वस्त व्याजाचं म्हणाल तर अग्रक्रमात मोजलं म्हणून दर उतरत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते उताऱ्यावर. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद असते. त्यात मालक आणि भोगवटादार अशी दोन नावं असतात, पण त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. बँक मूळ हक्काचा कागद ठेवून घेऊन तारण करते, आणि वडिलोपार्जित घराला खरेदीखतच नसतं. इथे स्वामित्व योजना, म्हणजे गावठाणातली घरं ड्रोनने मोजून मालकीचे कागद देणारी सरकारी योजना, कामाला येते. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून सनद आणि मिळकत पत्रिका घ्या. पत्रिकेवर आजोबांचं नाव असेल, तर आधी वारसनोंद करून घ्या. भावंडांची नावं लागली, तर बँक त्यांना सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सह्या करायला सांगते, किंवा नोंदणीकृत हक्कसोड मागते. हे अर्जाआधीच उरकावं. निम्मं बांधकाम झाल्यावर भावकीत सह्या गोळा करणं फार जड जातं.

शेतात घर बांधत असाल तर अडचण वेगळी. थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा बँकेला सरफेसी कायदा देतो. त्याच्या कलम 31 प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागू होत नाही, म्हणून बँका बिनशेतीचा कागद मागतात. गृहवित्त कंपन्या कधी कधी कमी कागदांवर कर्ज देतात, पण त्यांचा व्याजदर सहसा जास्त असतो. सही करण्यापूर्वी हप्त्यांची एकूण बेरीज काढून बघा.

राहिला लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, आणि त्याविरुद्धची तक्रार लोकपाल योजनेत बसत नाही. मात्र अर्जाची पोच आणि नकाराचं लेखी कारण देणं बँकेवर बंधनकारक आहे. तोंडी नकारावर परत फिरू नका. कारण 'हक्क अस्पष्ट' असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जा, 'बांधकाम परवानगी नाही' असेल तर ग्रामपंचायतीत. पोच किंवा कारण दिलंच नाही, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्या मुद्द्यावर लोकपालाकडे जाता येतं.