अठ्ठ्याहत्तर किलोंची हवा

आमच्या लहानपणी सायकलमधल्या हवेला आकडा नसे. हवा एकतर 'आहे', नाहीतर 'गेली', आणि शाळेच्या सायकल-स्टँडवर 'कोणीतरी सोडली', अशा तीनच अवस्था आम्हांला ठाऊक होत्या. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर, घरच्या बहुमताविरुद्ध, दगडधोंड्यांतून हाकायची जाड टायरांची सायकल मी विकत घेतली, तेव्हा तिच्यात हवा किती भरायची हा प्रश्न मला पडलाही नाही. टायरच्या कडेवर उठावदार अक्षरांत ६५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ६५ पौंड दाब, असे छापलेले होते. मी ती आज्ञा मानली आणि इमानेइतबारे ६५ भरून वेताळ टेकडीवर गेलो.

तिथे मला कळले की टणक टायर दगडाशी जुळवून घेत नाही, त्याच्यावरून उडतो. प्रत्येक खड्याला सायकल टणकन उसळत होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता, आणि सकाळी फिरायला आलेली ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे पाहून वाटेवरून आधीच बाजूला होत होती. घरी आल्यावर माझ्या भाच्याने टायरवरचा मजकूर नीट वाचून दाखवला. ६५ ही कमाल मर्यादा होती. "मामा, पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिलेले असते, म्हणून तुम्ही अख्खी सोसायटी घेऊन लग्नाला जाता का?" असे त्याने विचारले, आणि मग मोबाइल काढून त्याहून वाईट प्रश्न विचारला : "तुमचे वजन किती?"

प्रश्न स्वयंपाकघरात विचारला गेला होता, हे इथे नमूद केले पाहिजे. मी "अठ्ठ्याहत्तर" म्हणालो, तेव्हा विळीवरचा बटाटा क्षणभर थबकला. माझे वजन अठ्ठ्याहत्तर होते, हे काही खोटे नाही. फक्त तेव्हा आमच्या मुलीची दहावी व्हायची होती, आणि आता ती नोकरीला लागून चार वर्षे झाली आहेत.

अठ्ठ्याहत्तर किलोंच्या माणसासाठी भाच्याने पुढे २४ आणि मागे २७ असा निर्णय दिला. मागच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून तिथे थोडी अधिक. आता हे आकडे टायरमध्ये उतरवणे एवढेच काम उरले होते, आणि त्यात माझा एक रविवार गेला. माझ्या पंपाची तबकडी १६० पर्यंत आहे. त्यामुळे २४ हा आकडा अशा जागी येतो, जिथे काटा अजून झोपेतून उठलेला नसतो. व्हॉल्व्हही जुन्या सायकलीसारखा नव्हता. त्याच्या टोकावरची इवलीशी चकती सैल केल्याशिवाय हवा आत शिरत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे मी बराच वेळ फक्त पंपाच्या नळीतच हवा भरत होतो : काटा शंभरावर, आणि टायर मात्र गादीवर बसल्यासारखा जमिनीवर. पुढे डिजिटल मापक आणले, तर ते लावताना आणि काढताना थोडी हवा फुस्सकन निघून जाई, म्हणून पुन्हा भरायची, आणि भरली म्हणून पुन्हा मोजायची. दुपारी चारच्या सुमाराला बरोबर २४ आणि २७ झाले, तेव्हा मी सायकलला हात लावायलाही कुणाला परवानगी दिली नाही.

डिसेंबर महिना होता. दुपारी अठ्ठावीस अंशांत भरलेली हवा पहाटे बारा अंशांत आकसते, आणि त्यात दोन-अडीच पीएसआय सहज गळतात, हे मला टेकडीवरच्या एका धारदार दगडाने समजावले. मागचे चाक आदळले, 'खट्' असा आवाज आला, आणि माझा रविवार एका दमात बाहेर पडला.

टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली, तेव्हा शेजारी शेजारी दोन बुडबुडे आले. "साहेब, खिळा नाही, काटा नाही. दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली आहे. हवा कमी होती." मग त्याने मला नखशिखान्त न्याहाळले आणि, देवाशपथ, तोच प्रश्न विचारला. मी या वेळी उत्तर दिले नाही. त्याने दोन ठिगळे लावली, हवा भरली, अंगठ्याने टायर दाबला आणि "आता टाइट आहे" असे सांगितले. घरी मोजली तर ५२ निघाली. त्याच्या अंगठ्याची चूक नव्हती. तो अंगठा दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या सायकलींच्या अरुंद टायरांवर तयार झालेला होता.

शेवटी मी कागद घेऊन बसलो. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो, आणि हवेचा दाब साधारण २९ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दोन किलो, असे धरले, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकतात ते जेमतेम पन्नास चौरस सेंटीमीटर. पोस्टकार्डाच्या निम्म्याहूनही कमी! एवढ्याशा जागेवर आपण खोटे बोलून बसलो होतो, या विचाराने मला घाम फुटला. त्याच रात्री सगळे झोपल्यावर हेल्मेट, बूट आणि दोन लिटर पाण्याच्या पिशवीसह मी वजनकाट्यावर उभा राहिलो. आकडा मी इथे देत नाही. पहाटे गॅलरीतल्या थंडीतच पुढे २७ आणि मागे ३० हवा भरली, आणि टेकडीवर प्रथमच सायकल दगडांवरून उड्या न मारता, त्यांना चेपून गेली.

हे आकडे विसरू नयेत म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. गेल्या दिवाळीनंतर मागच्या चाकापुढे ३० खोडून ३१ केले. ही काही चर्चेची बाब झाली नाही. फक्त संध्याकाळी पाहिले तर चकल्यांचा डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेलेला होता.