चार्जिंगला लावलेलं पाकीट

भाच्याने वाढदिवसाला पाकीट दिलं. साधंसुधं नाही. धातूचं, अंगठा टेकवल्याशिवाय न उघडणारं, फोनपासून लांब गेलं की बोंब ठोकणारं, आणि वर 'आरएफआयडी ब्लॉकिंग', म्हणजे आतली कार्डं बाहेरून कुणी वाचू शकत नाही. "मामा, आता तुझं पाकीट कुणी मारूनच दाखवू दे," म्हणाला. त्याच्या डोक्यात माझा स्वारगेटचा किस्सा होता. पीएमटीच्या दारात लटकलो असताना मागच्या खिशातलं पाकीट गेलं आणि आठवड्याने पोस्टमन माझं लायसन्स घेऊन दारात हजर. चोराने पैसे ठेवून घेतले होते आणि कागद पोस्टाच्या पेटीत टाकले होते. त्या काळचे चोरही जरा बरे होते म्हणायचे.

किंमत गुपचूप नेटवर पाहिली. साडेसहा हजार! आत ठेवायला माझ्याकडे काय, तर ३४० रुपये, बँकेची दोन कार्डं, आधार, मेट्रोचं कार्ड, बालाजीचा फोटो आणि शाई उडालेली एक एटीएमची पावती. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

तरीही तीन महिने इमानेइतबारे वापरलं. म्हणून लिहायचा हक्क आहे.

पहिला दणका आनंदनगर मेट्रो स्टेशनवर. जुनं पाकीट मी गेटवर तसंच टेकवायचो, मेट्रोचं कार्ड बाहेरच्या कप्प्यात असायचं. सवयीने हेही टेकवलं. गेट ढिम्म. पुन्हा टेकवलं, उलटं करून टेकवलं. मागे रांग, रांगेत पुणेकर. काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. मग ट्यूब पेटली की पाकीट आपलं काम चोख करतंय. मेट्रोच्या गेटलाही ते चोरच समजतंय. अंगठा लावून उघडावं, तर बाहेर पाऊस, अंगठा भिजलेला, आणि ओला अंगठा त्याला ओळखू येईना. शेवटी बाजूला होऊन शर्टाला बोटं पुसली. ६१ वर्षांचा माणूस स्वतःच्याच पाकिटाला ओळख पटवून देतोय.

आता मूळ मुद्दा. खिशातलं कार्ड हवेतल्या हवेत वाचून कुणी पैसे काढेल, या भीतीवर ही पाकिटं विकली जातात. भीती अगदीच खोटी नाही. २०२१च्या जानेवारीपासून आपल्याकडे ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता कार्ड टेकवून पैसे देता येतात. पण ते वाचायला यंत्र कार्डापासून जेमतेम चार सेंटिमीटरवर यावं लागतं. कार्डाची चिप दर व्यवहाराला नवा, एकदाच चालणारा कोड तयार करते. मागे छापलेला सीव्हीव्ही ती देत नाही. शिवाय चोराने गर्दीत स्वाइप मशीन घेऊन फिरायचं ठरवलं, तरी त्या मशीनला बँक खातं जोडलेलं असतं, आणि ते खातं कुणाच्या तरी नावावर असतं. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ब्लेडने खिसा कापणं सोपं. आधार कार्डात तर अशी चिपच नाही, त्याला कशापासून वाचवायचं?

इतकी धास्ती असेलच, तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'कॉन्टॅक्टलेस' बंद करा. २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना ही सोय द्यायला लावलीय. फुकट आहे. किंवा पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये कार्ड गुंडाळा, तेही चालतं. दिसतं मात्र डब्यासारखं.

अंगठ्याच्या कुलपाबद्दल काय बोलावं? पाकीटमार पाकीट उघडून बघत नाही हो, अख्खं उचलतो. घरी जाऊन स्क्रूड्रायव्हर लावायला त्याच्याकडे वेळच वेळ. उलट असलं चकचकीत धूड खिशात दिसलं की आत घबाड आहे, हे आपणच जाहीर केल्यासारखं. आजी नोटेची घडी कनवटीला लावायची, आजोबांच्या बंडीला चोरखिसा होता, वर सेफ्टी पिन. दोघांचंही तंत्र एकच होतं, दिसू नये.

पाकीट लांब गेलं की बोंब ठोकणारा आतला ट्रॅकर मात्र कामाचा आहे, इथे मी कंपनीच्या बाजूने. पण चोरीसाठी नाही, विसरभोळेपणासाठी. दोनदा दुकानाच्या काउंटरवर पाकीट विसरलो, दोन्ही वेळा रस्ता ओलांडायच्या आत फोन ओरडला. चोरीच्या बाबतीत गंमत अशी, की कुणी बायकांच्या पर्समध्ये ट्रॅकर टाकून पाठलाग करू नये म्हणून आताचे फोन 'तुमच्यासोबत अनोळखी ट्रॅकर फिरतोय' अशी सूचना देतात. फार चांगली सोय आहे, हवीच. पण ती चोराच्या फोनवरही जाणार ना! आणि तेवढ्यासाठी साडेसहा हजारांचं पाकीट कशाला, सुटा ट्रॅकर बराच स्वस्त मिळतो.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. ज्या महिन्यात मी हे कुलूपबंद पाकीट मिरवत होतो, त्याच महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे पावणेदोन लाख गेले. पाकीट घरात, खुंटीवरच्या पँटमध्ये. 'केवायसी संपलंय' असा फोन आला, त्यांनी ओटीपी सांगितला. शिकलेले, हिशेबाला पक्के. लाजेपायी चार दिवस बोलले नाहीत, आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे होते. चूक ना आपली ना बँकेची, अशा वेळी तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, हा २०१७चा नियम आहे. ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणजे लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. लाज नंतर.

माझ्या खिशात आता जुनंच चामड्याचं पाकीट आहे, पुढच्या खिशात. ट्रॅकर काढून स्कूटरच्या किल्लीला लावलाय. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, त्यालाही पैसे पडले नाहीत. नवं पाकीट कपाटात होतं, पण परवा भाचा येतोय. सकाळपासून चार्जिंगला लावलंय.