आज्जी, जरा सरळ उभं ऱ्हावा की

आज बेळगावच्या शहापुरात लग्नाला गेलो होतो. फोटोसाठी सगळे स्टेजवर चढलो तर फोटोग्राफर पोरगं आईला म्हणतंय, "आज्जी, जरा सरळ उभं ऱ्हावा की." एकदा न्हवं, तीनदा. आणि आई बिचारी हनुवटी वर करून, गुडघे ताठ करून बघूलालेली जमतंय काय, मागनं कुणीतरी खिदळलं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

त्या पोराला काय कळणार म्हणा. आम्हाला तरी कुठं कळलं? तीन वर्षांमागं न्हाणीत कळशी उचलताना आईच्या पाठीत कट्ट वाजलं. मी बाम चोळला. गल्लीतल्या डॉक्टरनी इंजेक्शन टोचलं आणि कानडीत म्हणाले 'वयस्सात्री'. घरी मामी म्हणाली 'वय झालं'. ह्या एका वाक्याला बेळगावात सीमावाद नाही बघा!

चार महिन्यांनी मिरजेला एक्स-रे काढला तेव्हा समजलं, छातीचा शेवटचा मणका, डी-१२, चेपलाय. पुढनं बसलाय, मागनं तसाच, पाचरीसारखा. त्यानं अंग पुढं झुकतं, भार शेजारच्या मणक्यांवर येतो, हाडं आधीच भुसभुशीत, मग दुसरा बसतो. आईचा कमरेचा पहिला मणका पुढच्याच वर्षी गेला, खानापूर रोडला बस खड्ड्यात आदळली एवढंच निमित्त. पोक असं आलंय. दोन ठिकाणी मोडलंय तिचं!! हात मोडला असता तर त्याच दिवशी प्लास्टर घातलं असतं की नाही?

हां, प्रत्येक पाठदुखी फ्रॅक्चर नसते, मान्य. पण साठीच्या पुढची बाई, अचानक कळ आलीय, उंची दीड-दोन इंच कमी झालीय, तर एक एक्स-रे आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, काढायला काय जातंय? डेक्सात जो आकडा येतो, टी-स्कोर, तो उणे २.५ किंवा त्याच्या खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ व्हायचा आजार. आईचा उणे ३.४ आला.

आणि कृपा करून 'सूर्यनमस्कार घालू दे', 'हाड बसवणाऱ्याकडं न्या' सांगू नका कुणी. असल्या पाठीला पुढं वाकवलं, रगडलं तर अजून एखादा मणका जाईल. भरपाई तुम्ही देणार काय?

दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची, मला नखरे वाटायचे. बरगड्या खाली उतरून पोट दाबलं जातंय हे नंतर कळलं. तोवर ओरडून झालेलं. कळशीच्या दिवशी पण ओरडलोच होतो, "तू कशाला गेलीस उचलायला?" पाणी माझ्याच आंघोळीचं होतं.

आता दर रविवारी उपाशीपोटी गोळी, वर ग्लासभर पाणी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही की चहा नाही. चहाशिवाय डोळे न उघडणारी बाई घड्याळाकडं बघत बसते. झालेलं पोक गोळीनं जाणार नाही, पुढचा मणका वाचावा म्हणून सगळं.

साडी मागनं वर चढते, पुढनं निऱ्या पायात येतात. आज निघताना बघितलं, पुढनं चार बोटं जास्तच खोचूलालेली, कुणाला न सांगता.

फोटो आत्ताच आला व्हॉट्सॲपवर. चष्मा लावून मोठा करून बघितला आणि म्हणाली, "निऱ्या बऱ्या आल्यात की रे."